कोऱ्या रकान्यातला पाऊस

दोन हजार सालानंतर आमच्या विभागात नवे संगणक आले आणि त्यांच्यामागे नवी पोरंही आली. कुठला एडिटर चांगला, विंडोज बरं की लिनक्स, यावर ती कॅन्टीनमध्ये हमरीतुमरीवर यायची. मी त्यांना प्रोग्रामिंग शिकवायचो. पहिल्या तासाला सांगायचो की फाइलमधून जे वाचलंत ते आधी छापून बघा, त्याचा आलेख काढा आणि मगच गणिताला हात घाला. कुणी ते वहीत उतरवूनसुद्धा घ्यायचं नाही. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. नव्वदच्या दशकात तेवढं मलाही कळत होतं, तरी मी ते केलं नव्हतं.

तेव्हा विभागात एकच बरा संगणक होता, एक करकरणारा प्रिंटर होता आणि प्रोग्राम लिहून देणारा मी होतो. मला माझ्या शिस्तीचा भारी गर्व. रोज संध्याकाळी प्रोग्रामची प्रत फ्लॉपीवर घेऊन वर तारीख टाकायची, प्रत्येक तुकडा आधी हातानं सोडवलेल्या उदाहरणावर तपासायचा, कुठली ओळ कशासाठी लिहिली ते शेजारीच लिहून ठेवायचं. यातलं काही न करणाऱ्याला मी तोंडावर गाढव म्हणायचो. प्राध्यापक असला तर मनात म्हणायचो.

त्या दिवसांत कागलच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एक मॅडम अभ्यासरजा घेऊन पीएच.डी.साठी आमच्याकडे येत होत्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. घरी दोन लहान मुलं, सासू-सासरे, उसाची शेती. सगळ्यांचं आवरून सकाळची एस.टी. धरायच्या आणि दहाच्या आत माझ्या टेबलासमोर हजर. राधानगरीच्या बाजूला लागोपाठ तीन दिवसांत किती पाऊस पडला यावरून कोल्हापुरात पंचगंगा किती फूट चढेल, याचं समीकरण त्यांनी मांडलं होतं. त्यावर फोरट्रान या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला मी. पावसाच्या जुन्या नोंदवह्या त्यांनी आणल्या आणि आम्ही दोघांनी मिळून आकडे टाइप केले. वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, सोडून द्या, गणिताला शेऱ्याचा काय उपयोग? टाइप झाल्यावर वह्या परत गावी गेल्या.

उत्तरं मोठी विचित्र येत होती. साध्या पावसाला नदी इंचभरही चुकत नव्हती. पण ज्या वर्षी खरा महापूर आला होता, त्या वर्षी आमच्या कागदावरची नदी घाटाच्या दोन पायऱ्यासुद्धा चढत नव्हती. मार्गदर्शक सरांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, समीकरणातच दम नाही, सोपा विषय घ्या.

मॅडमनी मला भीतभीतच विचारलं, "सर, प्रोग्राममध्ये काही राहिलं असेल का हो?"

"प्रोग्राम मी तपासलाय," मी म्हणालो. "चूक असली तर तुमच्या समीकरणात असणार."

पुढचे दोन महिने त्या स्वतःचंच समीकरण खोडत राहिल्या. मांडायचं, खोडायचं, माझ्याकडून चालवून घ्यायचं आणि उत्तर बघून मान खाली घालायची. मे महिन्यात एकदा हसत हसत म्हणाल्या, "घरी सांगून टाकलं, मला नाही जमत. सासूबाई म्हणाल्या, झेपत न्हाय ते कशाला करायचं. जूनमध्ये रजा संपली की कॉलेजात हजर होते." मला वाईट वाटलं, पण नापास झालेल्या पोराबद्दल मास्तरला वाटतं तेवढंच. माझ्याकडे कुणी बोट दाखवावं असं काही आहे, हे मला वाटलंच नाही.

एका वर्षाच्या नोंदी उतरवायच्या राहिल्या होत्या. निदान तेवढं पुरं करून ठेवू, पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माहेरी लग्न होतं, म्हणून राधानगरीच्या वरच्या अंगाच्या त्या गावी मी गेलो. तिथलं पर्जन्यमापक सांभाळणारे म्हातारे भाताची शेती करायचे. दोन म्हशी होत्या. वीसेक वर्षं रोज सकाळी ते मापकातलं पाणी मोजून वहीत लिहीत आले होते. मी गेलो तेव्हा ते धार काढून उठत होते.

"बसा की पावणं," म्हणाले. दुधाचा पेला हातात दिला आणि वह्या काढून आणल्या. माझं काम किती मोठं आहे ते त्यांना दाखवावं म्हणून मी पिशवीतून प्रिंटरचा कागद काढला. त्यावर नदीची उत्तरं होती आणि शेजारी रोजचा पाऊस. त्यांनी चष्मा लावला आणि आकड्यांवरून सावकाश बोट फिरवायला लागले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"ह्ये काय? जुलैच्या मधल्या आठवड्यात शून्य?"

"पडला नसेल त्या दिवशी."

म्हातारे माझ्याकडे बघतच राहिले. "जुलैत हितं कोरडा दिस? पावणं, तुमी कोल्लापूरचंच न्हवं?"

त्यांनी त्या वर्षाची वही उघडून माझ्यापुढं सरकवली. त्या दिवसाचा रकाना कोरा होता. शेऱ्यात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता, 'ओढा'.

"मापक ओढ्यापल्याड हाय," ते म्हणाले. "मोठा पाऊस झाला की ओढ्याला छातीभर पाणी. दोन-दोन दिस पल्याड जाता येत न्हाय. जाऊन बघतोय तवर मापक भरून वरनं व्हायलेलं असतंय. मंग लिवू काय? मोजलंच न्हाय त्ये खोटं कशाला लिवू? कोरं सोडतो."

माझ्या हातातलं दूध गार झालं. फोरट्रानची एक जुनी खोड आहे. ठरलेल्या रकान्यात काहीच सापडलं नाही तर ती तक्रार करत नाही, शून्य समजते आणि पुढं जाते. हे मला पाठ होतं, पोरांना मीच शिकवायचो. म्हणजे जेव्हा जेव्हा धो धो पाऊस पडून ओढा भरला, नेमक्या त्याच दिवशी माझ्या प्रोग्रामनं पाऊस शून्य धरला होता. महापुराचं पाणी आमच्या फाइलमध्ये आलंच नव्हतं. मग नदी चढणार कुठून? ज्याला मी अडाणी समजत होतो त्या माणसानं खोटं लिहायला नकार दिला होता आणि माझ्या तपासून घेतलेल्या प्रोग्रामनं ते बिनदिक्कत लिहिलं होतं. म्हातारे बाहेर वैरण टाकायला गेले तेव्हा मी तसाच बसून राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कोऱ्या रकान्यांत मी उणे नव्व्याण्णव टाकलं, म्हणजे आकडा नाही हे यंत्राला कळावं. त्या दिवसांचा पाऊस शेजारच्या दोन गावांच्या नोंदींवरून अंदाजानं धरला. समीकरण मात्र मॅडमचं पहिलंच घेतलं, न खोडलेलं. प्रिंटर करकरत होता आणि मी उभा राहून एकेक ओळ वाचत होतो. महापुराच्या वर्षी नदी चढली. खऱ्या नदीपेक्षा थोडी कमी, पण चढली.

मॅडम लग्नाहून परतल्यावर त्यांच्यापुढं कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान टाकून बोलतील, अशी माझी तयारी होती. त्या कागद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे समीकरण पहिल्यापासून बरोबर होतं?"

"हो."

"सर, मी घरी सांगून बसलेय, मला जमत नाही म्हणून. आता मी उलटं सांगितलं तर कुणाला पटेल? तुम्ही चला घरी. तुम्ही सांगा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी पर्स उचलली होती.

कागलला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सासरे बाहेरच्या सोप्यात बसले होते. मॅडम त्यांना मामा म्हणायच्या. चहा आला, चिवडा आला. मी सुरुवात केली आणि नोंदवही, ओढा, फोरट्रान, रकाने असं पुराण लावलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि मधेच हात वर केला.

"म्हंजी चूक कुणाची?"

"तशी चूक प्रोग्रामची," मी म्हणालो. "वहीत रकाना कोरा होता ना..."

"प्रोग्राम कुणी लिवला?"

"मी."

"मंग सरळ सांगा की पावणं." त्यांनी आत हाक मारली, "अगं, जरा भाईर ये. आन् तू बी ये."

सासूबाई हात पुसत आल्या. मॅडम त्यांच्या मागं दारात थांबल्या. मामा म्हणाले, "आता बोला. हिलाबी ऐकू द्या."

या वेळी मी फोरट्रान काढलं नाही आणि ओढाही काढला नाही. "चूक माझी होती," मी म्हणालो. "यांचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी न बघताच यांना चुकीचं ठरवलं."

सासूबाईंनी वळून सुनेकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बघत असाव्यात असं बघितलं.

"मंग जूनात कॉलेजात न्हाय जायाचं," त्या म्हणाल्या. "रजा वाढवून घे. सकाळचं मी बघते."

मॅडमनी मान डोलावली आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी निघेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.