भुतापुढचं गाऱ्हाणं

आबांना साधं बोलता येत नसे. ओटीवर बसून चहा मागायचा झाला तरी देवळात उभे असल्यासारखा त्यांचा आवाज लागायचा. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. पालखी निघो, लग्न ठरो की कुणाची नवी रिक्षा दारात येवो, हातात नारळ धरून आबा देवाला साकडं घालणार आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हा ‘आंब्याच्या बागंत पन रेंज दे म्हाराजा’ असंही त्यांनी बजावून सांगितलं होतं. रेंज अजून आलेली नाही, पण त्यात आबांची काही चूक नाही.

त्यांची स्वतःची तक्रार एकच. “आख्खा गाव व्हय म्हाराजा बोलतो, मना मात्र जन्मात कदी बोलायला गावला नाय.” आम्ही हसायचो. गाऱ्हाणं घालणाऱ्यालाच उत्तर कसं देता येणार?

अशा माणसाला आमच्या गावच्या विन्याने भुताच्या सिनेमात घेतलं. विन्या रत्नागिरीत लग्नांचे व्हिडिओ काढतो. शिमग्याला मुंबईकर मंडळी गावात आली की त्यांना कामाला लावून सिनेमा काढायचा, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात दारांना ताडपत्री लावून भर दुपारी रात्र केली. भुताचे केस सुंभाचे आणि रक्त म्हणजे कोकमाचं आगळ. आगळातलं मीठ डोळ्यांत गेल्यावर भूत जे किंचाळलं, तेवढाच काय तो खरा अभिनय, असं माझं मत झालं. थर्माकोल धरून उजेड पाडायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मत द्यायला वेळ भरपूर होता.

आबांचा घसा तेव्हा बसायला लागला होता. शिमगा आटोपला की ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज राहील असा शब्द डॉक्टरांनी दिला नव्हता. आबा त्यावर बोलत नसत. फक्त गरम पाण्याचा तांब्या सतत जवळ असे.

प्रसंग असा होता की भूत हिरोचा गळा आवळतं आणि गावचा एक म्हातारा पुढे होऊन ओरडतो, ‘हे दुष्ट आत्म्या, चालता हो!’ आबा पुढे झाले. सुंभाच्या त्या केसांकडे क्षणभर बघत राहिले. कुणाला ‘चालता हो’ म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना. त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ह्यो जो कोन वाटंवरचा हितं आलेला हाय, त्येचा काय मागना असंल ता त्येला दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सगळे म्हणजे भूत, गळा आवळलेला हिरो, कॅमेऱ्यामागचा विन्या आणि मीसुद्धा.

“आनि पोरग्याचा गला सोडंव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणत भुताने गळा सोडला.

विन्याने कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा घ्यायचं ठरलं, पण आबांचा आवाज फुटेना. तांब्या रिकामा झाला तरी फुटेना. शेवटी तोच प्रसंग ठेवावा लागला.

ऑपरेशन झालं. आबा वाचले, आवाज गेला.

पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. मी विन्याचं मन राखायला गेलो होतो, मध्यंतरात सटकायचं ठरवून. पण लोक घाबरत होते, हसत होते, शिट्ट्या मारत होते, आणि मीही त्यांच्यातलाच झालो. सिनेमा खरोखर मजेचा झाला होता. तरी आज वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. इतकी वर्षं आबांनी पालखीपुढे गाऱ्हाणी घातली, तेव्हा आमच्यातल्या एकालाही खिशातला फोन काढून ती धरून ठेवावीशी वाटली नाहीत. आबांचा आवाज आज कुठे असेल तर त्या भुतापुढेच आहे.

हॉलमध्ये आबा माझ्या शेजारी बसले होते. गळ्याला मफलर. पडद्यावरच्या आबांनी हात जोडले, ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं, आणि सगळा हॉल एका दमात ओरडला, “व्हय म्हाराजा!”

आबांनीही तोंड उघडलं. समोरून गाऱ्हाणं येत होतं आणि उत्तर द्यायची पाळी जन्मात पहिल्यांदाच त्यांच्यावर आली होती. ओठ नीट हलले, पण आवाज काही आला नाही.