दुसऱ्यांदा केलेली सोनोग्राफी

"ही साधी गुठळी नाही. कॅन्सर शिरेत शिरलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा माझे यजमान शर्टाची बटणं लावत होते. उरलेली बटणंही त्यांनी नीट लावली. मग माझ्याकडे पाहिलं.

आम्ही शेणव्याचे. ह्यांचं पोट फुगायला लागलं, जेवण जाईना, म्हणून आधी शहापूरला दाखवलं. तिथून मुंबईला पाठवलं. यकृत खराब झालं होतंच. पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, गुठळी सापडली. ती नुसती रक्ताची असेल तर औषध होतं.

मूत्रपिंडं कमजोर, त्यामुळे सीटी स्कॅनचं औषध चालणार नव्हतं. म्हणून कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी केली. हातातल्या शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध सोडतात. रक्त जिथे जातं, तिथे पडदा उजळतो. साध्या गुठळीत रक्त खेळत नाही; गुठळीच उजळली, तर ती कॅन्सरची.

ती उजळली. पण डॉक्टरबाईंचं समाधान झालं नाही. "हा आर्टिफॅक्ट असू शकतो," त्या म्हणाल्या. म्हणजे प्रत्यक्षात नसलेला, यंत्रानं दाखवलेला उजेड. बुडबुडे जास्त झाले, श्वासानं पोट हललं, तरी तसं दिसतं.

दुसऱ्या तपासणीपर्यंतचे दिवस आम्ही त्या एका शब्दावर काढले.

"मशीन पन चुकतं ना गो?" ह्यांनी विचारलं.

"चुकतं," मी म्हटलं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या वेळी औषध कमी दिलं, यंत्राचा जोर उतरवला, फासळ्यांच्या मधून पाहिलं. "श्वास धरा. हलू नका." ह्यांनी इतका धरला, की कपाळावर घाम आला. चित्रातला धूसरपणा गेला. गुठळी मात्र उजळलीच.

बाहेर बाकावर ते म्हणाले, "आता म्हसाला जाऊ. ताईशी बोलाचं हाय." ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, म्हसा गावात दिलेली; जमिनीवरून बहीणभावाचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. आम्ही गेलो, तेव्हा ताईंनी दारातच ह्यांचा हात धरला आणि तसाच धरून ओट्यावर बसून राहिल्या. पुढे त्या आमच्याकडेच येऊन राहिल्या. भात कापणीला आलं, तेव्हा ते गेले.

तुमच्यावर ही वेळ आली, तर तपासणी पुन्हा करतात म्हणून वैतागू नका. चित्र स्पष्ट आलं का, हे डॉक्टरांना विचारा. आम्हाला हवं ते उत्तर मिळालं नाही. पण डॉक्टरबाई पहिल्याच चित्रावर थांबल्या असत्या, तर मशीन चुकलं होतं का, हेच मी जन्मभर विचारत बसले असते. त्यातून त्यांनी मला सोडवलं.

आता मी फक्त ह्यांच्यासाठी रडते.