चरबीत रुतलेली फिरकी

“थेल्मे, लागोपाठ दोन शनवार झालं. व्हॉल्व्ह लाल, फ्यूज खलास, आन् समदी लोकं बियर घिऊन अंधारात. आज क्लबाचा इकत आणलेला अ‍ॅम्प्लिफायर लाव, न्हाईतर गिटार घरीच ऱ्हाऊ दे.”

“इकतच्यावर तू वाजव, विल्फ. माझी पेटी इथंच बरी चालतीया.”

“इथं चालतीया. तिकडं का मरतीया?”

थेल्मा हार्डकासलची खरी दुखरी जागा हीच. मासे आणि बटाटे तळायचं तिचं दुकान इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावर. तरुणपणी ती टीव्हीच्या कारखान्यात तारा जोडायची. बापाच्या माघारी दुकान गळ्यात पडलं. मग मागच्या खोलीत, तळणीच्या वाफेत बसून तिनं जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर हा गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, तिची पेटी, उभा केला. गावातल्या कामगारांच्या क्लबात त्याच्यावर वाजवणं म्हणजे तिचा शनिवार. विल्फ तिथला सेक्रेटरी, जन्माचा शेजारी आणि तसाच खवट.

तिनं पेटी उघडी करून चालू केली. डावा हात एप्रनच्या खिशात. कारखान्यातली सवय, दोन्ही हात आत घातले की वीज छातीतून जाते. उजव्या हातानं मीटरची सुई टेकवली. विजेचा मोठा दाब चारशे व्होल्टवर, जिथं हवा तिथं. व्हॉल्व्हला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांना, आवर घालणारा उणा दाब, ज्याला बायस म्हणतात, तोही चाळीसच्या वर, ठणठणीत.

“बघ. काय झालंया हिला?”

“क्लबात लई गारठा असतो,” विल्फ म्हणाला. “म्हातारी झाली आसंल, तुझ्यावाणी.”

थेल्मानं विजेची तार उपटली. मग पेटी उचलून मागच्या अंगणात, दगडी भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली. फेब्रुवारीचा वारा तिथं नुसता चावत होता.

“आता काय, थंडीला घालतीस व्हय तिला?”

“तुलाबी घालीन. हिथंच थांब.”

पेटी गार पडली तशी तिनं खोलीतनं तार ओढून पुन्हा चालू केली. मीटरचा काटा थरथरला आणि शून्याकडं आला. आवर सुटला. व्हॉल्व्हमधला पत्रा तांबूस व्हायला लागला तोच तिनं बटण पाडलं. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज रेझिस्टर लावून उतरवली, मीटरनं खात्री केली, मगच बोट आत घातलं.

बायस कमीजास्त करायची उघडी फिरकी पिवळट झाली होती. बोटाला मेणासारखं काहीतरी लागलं. तिनं वास घेतला.

“बैलाची चरबी,” ती म्हणाली. “माझ्याच तळणीची.”

उबदार खोलीत चरबी मऊ राही आणि फिरकीच्या आतला सरकता काटा टेकून राही. क्लबाच्या गारठ्यात ती थिजली की काटा वर उचलला जाई आणि बायस तुटे. विल्फ पोट धरून हसला.

“मग आता पेटी दुसरीकडं ठेव. निदान वरच्या मजल्यावर.”

“का म्हणून? दुकान माझं, पेटी माझी. ती वासातच वाढली.”

तिनं डब्यातनं बंद तोंडाची नवी फिरकी काढून डाग देऊन बसवली. वर एक रेझिस्टरही जोडला: पुन्हा काटा सुटलाच तर आवर ढिला न होता उलटा घट्ट बसेल. आवाज बसेल, व्हॉल्व्ह जळणार नाहीत.

“आन् तरी क्लबात लाल झाली तर?”

“तर तुझी इकतची पेटी माझ्या डोक्यावर आपट.”

विल्फनं पेटी मुद्दाम अंगणातच गार होऊ दिली. त्याच्या दोन सिगारेटी ओढून झाल्या. मग तिनं बटण दाबलं. मीटरचा काटा जागचा हलला नाही. पत्रे काळेच राहिले. तिनं गिटार जोडून तार छेडली तसा एकच जाड सूर भिंतीवर आदळला. पलीकडल्या घराची खिडकी धाडदिशी बंद झाली.

“सातला ये,” विल्फ म्हणाला. “तुझीच घिऊन. आन् आवाज जरा कमी.”

“न्हाई करायची.”

दुकानात घंटी वाजली. थेल्मानं पेटीचं झाकण लावलं, हात एप्रनला पुसले आणि बटाट्याची बादली तळणीकडं ओढली.