साडेपंचवीस किलोचं मेंढरू

नारायणगावच्या पेठेत चंपालालशेठचं पेंडीचं दुकान आहे, आणि वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी रिद्धी हात धूत असते. गिऱ्हाइकांची ही जुनी थट्टा. ती अगदीच खोटी नव्हती. दुकानातल्या कीबोर्डवर कुणाचं मिश्रीचं बोट पडलं, की रिद्धी तो फडक्यानं दोनदा पुसून काढायची. कुणी जिभेला बोट लावून पावतीपुस्तकाचं पान उलटलं, की ती तोंड फिरवायची.

"एवढं सोवळं ठेवायचं कुठं गं?" वडील विचारायचे.

"वरच्या मजल्यावर," ती सांगायची आणि जिना चढायची.

वर खिडकीशी बसून ती एक प्रोग्राम सांभाळायची. नाव 'मात्रा'. मेंढराचं वजन टाकलं, की जंताचं औषध किती पाजायचं ते मोबाईल सांगतो. प्रोग्राम फुकट आणि त्याचा सगळा मजकूर, म्हणजे कोड, उघडा. कुणीही वाचावा, सुधारून पाठवावा, नाही पटलं तर नक्कल उचलून आपली वेगळी चूल मांडावी. माणसं कुठून कुठून सुधारणा पाठवायची, आणि त्यातलं काय घ्यायचं हे रिद्धी ठरवायची. सुरुवात तिच्या चुलतभावानं, प्रितमनं केली होती. पुण्यात नोकरी लागल्यावर जो विसरला, तो तीन वर्षं त्यानं तिकडं ढुंकून पाहिलं नाही.

रिद्धीनं ते उचललं निमगाव साव्याच्या बानूबाईमुळं. बानूबाई पेंड न्यायला यायची, पोत्यावर टेकायची आणि बोलायची. "आमी अंदाजानं पाजायचो बग. अंदाज चुकला का मेंढरू पाय झाडतं. मंग आपण त्याच्याकडं बघायचं, त्यानं आपल्याकडं." एवढंच. पण ते 'त्यानं आपल्याकडं' रिद्धीच्या डोक्यातून जाईना.

स्वयंपाकघरात मात्र या प्रोग्रामला विरोध होता. वडिलांची थोरली बहीण, प्यारीबाई आत्या, पाणी गाळता गाळता म्हणाली होती, "जंत मारायचं औषध ना ते? जंतपण जीवच की."

"मेंढीपण जीवच आहे, आत्या."

"म्हणून तर मी तुला अडवत नाय," आत्या म्हणाली आणि गाळण्याचं फडकं पिळलं.

पहिलं वर्ष तर नुसती घाण उपसण्यात गेलं. कुणीतरी सुधारणा पाठवायचं, रिद्धी ती घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी प्रोग्राम बंद पडायचा. विचारलं, की पाठवणाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडं चालतंय." चालणारच. त्याच्या संगणकात चार वर्षांचा गाळ साचलेला. कुठली जुनी फाईल कुणाच्या मदतीला धावते, त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं आणि भाजीला मीठ बरोबर आहे म्हणायचं, त्यातलीच गत.

मग ती कंटेनर शिकली. कंटेनर म्हणजे संगणकातच उभी केलेली एक कोरी, बंद खोली. आत काय ठेवायचं याची यादी लिहून द्यायची. यादीत नसलेली काडीही आत येत नाही. सुधारणा आत सोडायची, टेस्ट चालवायच्या, म्हणजे ठरलेली वजनं टाकून आलेलं औषध आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडायचं, काम झालं की खोली मोडून टाकायची. पुढच्या सुधारणेला नवी खोली. तीच यादी दुसऱ्यानं त्याच्याकडं चालवली, की त्याच्याकडंही हुबेहूब तशीच खोली उभी राहते. नव्या माणसाला आधी सगळं जुळवण्यात दोन दिवस घालवावे लागत, ते काम चहा होईस्तोवर व्हायला लागलं. रिद्धीला तर स्वतःच्या मनाचा नकाशा कुणीतरी काढून दिल्यासारखं वाटलं.

दीड वर्ष बरं चाललं. आणि एका मंगळवारी सकाळी प्रितम उगवला.

"शुक्रवारी ओझरला पशुपालकांचा मेळावा आहे," तो जिन्यातूनच बोलत आला. "स्टेजवर 'मात्रा' दाखवायचंय. आता मराठी आकड्यात वजन टाकता येतं, मी केलंय. तू फक्त आत घे."

"टेस्ट चालवते आणि घेते."

"मी चालवल्यात."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? माझ्याकडं. चालतंय."

रिद्धीनं कोरी खोली उभी केली आणि त्याची सुधारणा आत सोडली. एक लाल ओळ आली, म्हणजे एक उत्तर चुकलं. वजन टाकलं होतं २५.५. प्रोग्रामनं मधला बिंदू गिळला होता आणि वाचलं होतं २५५.

"दादा, साडेपंचवीस किलोचं मेंढरू तुझ्याकडं दोनशे पंचावन्न किलोचं होतंय. औषध दहापट."

"तुझ्या त्या खोलीत काहीतरी गडबड आहे. माझ्याकडं बघ." त्यानं लॅपटॉप पुढं सरकवला.

तो लॅपटॉप. कळांच्या फटीत फरसाणाचा चुरा, पडद्यावर शिंकेचे शिंतोडे वाळलेले, आणि मधल्या मोठ्या बटणाला कसलासा चिकट पिवळा डाग. रिद्धीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि शोधायला लागली. पाचव्या मिनिटाला सापडलं. तीन वर्षांपूर्वीची आकडे वाचणारी एक जुनी फाईल कोपऱ्यात पडून होती. त्याचा प्रोग्राम गुपचूप तीच वापरत होता. नवीन लिहिलेलं त्याच्याकडं एकदाही चाललेलंच नव्हतं.

"हे बघ. तुझं काम ही शिळी फाईल करतीये. मेंढपाळांच्या मोबाईलमध्ये ही नाहीये."

प्रितमनं मान खाजवली. "बरं, करतो दुरुस्त. एवढं काय नाक मुरडतीयेस, मेलेला उंदीर सापडल्यासारखं."

दुपारी जेवणं उरकायच्या आत त्याचा निरोप आला. सगळं हिरवं. रिद्धीनंही चालवलं, कोऱ्या खोलीतही सगळं हिरवं. तिला क्षणभर बरं वाटलं. मग एवढ्या लवकर कसं, म्हणून तिनं त्यानं काय बदललंय ते उघडलं.

चूक त्यानं हातही न लावता तशीच ठेवली होती. बदललं होतं टेस्टमधलं उत्तर. साडेपंचवीस किलोला किती औषध यायला पाहिजे, तिथं त्यानं दहापट आकडा लिहून टाकला होता. आता चूक आणि उत्तर जुळत होतं.

आळस तिनं पाहिला होता, अज्ञान पाहिलं होतं, त्याची किळस धुवून जायची. हे धुण्यातलं नव्हतं. खोली कोरी ठेवून काय उपयोग, माणूस स्वतःच आत येऊन घाण करून गेला तर.

तिनं फोन लावला. "दादा, तू उत्तर बदललंस."

"अगं, तात्पुरतं. मेळावा झाला की बघू."

"दहापट औषधानं मेंढरू मरतं."

"स्टेजवर कुठं मेंढरू आहे? मी तीस किलो टाकणार. पूर्ण आकड्याला बरोबर येतं."

"मी नाही घेणार हे."

"नको घेऊस," प्रितम अगदी गोड आवाजात म्हणाला. "सुरुवात माझी आहे. मी घेतो. आणि तू जरा विश्रांती घे, लई ताण घेतीस."

मूळ खातं अजून त्याच्याच नावावर होतं. पाच मिनिटांत त्यानं सुधारणा आत घेतली आणि रिद्धीचे बदल करण्याचे अधिकार काढून टाकले.

ती उठली, हात धुतले, परत बसली. उघडा मजकूर कुणीही उचलावा, हे तिच्याच तर तोंडचं वाक्य. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिनं नक्कल उचलून वेगळी केली, बिंदू गिळणारी ओळ नीट केली, टेस्टमधलं खरं उत्तर परत बसवलं. कोऱ्या खोलीत एक एक ओळ हिरवी होत गेली. तिनं ठरवलं, आता त्या बाजूला पाय ठेवायचा नाही.

शुक्रवारी दुपारी बानूबाई मेळाव्यावरून थेट दुकानात आली. हसत होती.

"अगं ताई, स्टेजवर लई झाक झालं. टाळ्या पडल्या. पर हितं बग." तिनं मोबाईल पुढं केला. "वाटंत म्या माज्या लंगड्या मेंढीचं वजन टाकलं. साडेपंचवीस भरली व्हती काट्यावर. हे एवढं औषध म्हनतंय. माजी मेंढी हाय का रेडा?"

"मावशी, पाजलं नाही ना?"

"खुळी का काय तू? चाळीस वर्सं मेंढरं राखली म्या. उद्या पाजायचंय, म्हून तर तुज्याकडं आले."

रिद्धीनं तिच्या मोबाईलमध्ये आपली नक्कल घातली. लंगडीचं वजन पुन्हा टाकलं, औषध बरोबर आलं.

"ब्येस," बानूबाई म्हणाली. पोत्यावरून उठली आणि दारात थबकली. "पर तितं शंभर-दीडशे जनांनी घेतलं गं ते मोबाईलात. समदी पोरंसोरं. उद्या समदीच पाजनार. त्यांनी कुटं चाळीस वर्सं राखल्यात?"

रिद्धी वर गेली. तिच्या नकलेचा पत्ता त्या शंभर-दीडशे जणांना ठाऊक नव्हता. त्यांच्याकडं जे पोचायचं ते प्रितमच्याच हातून. म्हणजे आपण दुरुस्त केलेलं त्याच्याकडं पाठवायचं, आणि त्यानं घ्यावं म्हणून वाट बघायची. त्या लॅपटॉपवरचा पिवळा डाग तिला डोळ्यांपुढं दिसला.

ती उठून मागच्या अंगणात उतरली, तिथं आत्या विहिरीशी उभी होती. आत्या अजून याच विहिरीचं पाणी गाळून, उकळून प्यायची, आणि गाळल्यावर फडक्याला चिकटलेले न दिसणारे जीव थोड्या पाण्यात उतरवून विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही. छोटी बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि तिच्या बुडाला बांधलेल्या दुसऱ्या दोरीनं हलकेच कलती करायची. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. रिद्धीनं खाली वाकून पाहिलं. पाण्यावर शेंदूर लागलेला नारळ, गुटख्याच्या पुड्या आणि कुणाचीतरी चप्पल तरंगत होती.

"आत्या, एवढं निवडून परत या घाणीत सोडायचं?"

"हं."

"शी. ही विहीर त्या लायकीची तरी आहे का?"

आत्यानं दोरी ओढली, बादली कलती झाली. "विहिरीसाठी कोण सोडतंय, बाई? जीवांसाठी सोडते."

रिद्धी जिना चढून वर गेली, तोंडात कडू चव घेऊनच बसली आणि दुरुस्ती प्रितमकडं पाठवली. सोबत खरं उत्तर असलेली टेस्ट आणि कोऱ्या खोलीची यादी. खाली एकच ओळ, "उद्या लोक औषध पाजणार आहेत. आज घे."

मग त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली. माणसाची एवढी शिसारी यावी आणि त्याच्याच निरोपासाठी असं डोळे लावून बसावं, याची तिला आणखी वेगळी शिसारी आली. खाली दुकानात वडील काटा लावत होते, पोती हलत होती. साडेपाचला लॅपटॉपचा पडदा उजळला. प्रितमनं दुरुस्ती घेतली होती. लोकांच्या मोबाईलवर ती जायलाही लागली होती.

तिनं पुन्हा कोरी खोली उभी केली, त्याच्याकडचं सगळं आत सोडलं आणि शेवटची ओळ हिरवी होईपर्यंत नजर काढली नाही. साडेपंचवीस किलोचं मेंढरू साडेपंचवीस किलोचंच होतं.

तिनं पाठवलेल्या दुरुस्तीखाली प्रितमचा निरोप आलेला होता. एक अंगठा, आणि पुढं, "बघितलं. माझ्याकडं चालतंय."

रिद्धीनं लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.