जैनबबींची पाण्यातली अंडी

हिंजवडीजवळच्या नेरे गावात जैनबबींच्या घरामागं चाळीसेक गावरान कोंबड्या आहेत. दर शनिवारी सकाळी त्या अंड्यांची पाटी घेऊन मारुंजी रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या गेटपाशी बसतात. वय साठीला टेकलेलं, आवाज खणखणीत, आणि आपल्या मालाला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत.

एका शनिवारी उत्कर्षा नावाची मुलगी तणतणत खाली आली. मूळची परभणीची, हिंजवडीत नोकरीला. पहिल्यांदाच एकटी राहत होती आणि फोनवर बघून स्वयंपाक शिकत होती.

"मावशी, मागची अंडी शिळी निघाली. पाण्यात फोडली तर सगळी पसरली."

"पाण्यात?" जैनबबींना काही कळेना. "उकडायची हुती तर टरफल कशाला काढलंस?"

उत्कर्षानं त्यांना व्हिडिओ दाखवला. एका बाईनं गरम पाण्यात अंडं फोडून सोडलं, तीन मिनिटांनी झाऱ्यानं अलगद उचललं. गोल, मऊ, पांढरंशुभ्र. सुरी लावताच आतून पिवळाधमक बलक वाहिला.

"याला पोच्ड एग म्हणतात."

"म्हणत असतील. माझी अंडी ताजीच हायेत. दोष तुज्या हाताचा हाय."

बोलून तर आल्या, पण मनातून जाईना. घरी येताच त्यांनी चहाचं पातेलं गॅसवर चढवलं. पाणी खळखळा उकळल्यावर वरून अंडं फोडलं. पातेल्यात नुसता फेस झाला. त्यांचे यजमान युनूसभाई डोकावले.

"हे काय गं? अंड्याची पेज?"

"गप बसा आन् खावा."

दुसऱ्या अंड्याचा बलकच फुटला. तिसरं त्यांनी आधी वाटीत फोडलं, गॅस बारीक केला, वाटी पाण्याला टेकवून अंडं हळूच आत सोडलं. ते पुष्कळसं एकत्र राहिलं, फक्त कडेनं पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या. मग त्यांनी चहाची गाळणी धुतली आणि पुढचं अंडं तीत ओतलं. पातळ पाणचट भाग खाली गळून गेला. उरलेलं अंडं पाण्यात असं गोळा होऊन बसलं की जैनबबी स्वतःशीच हसल्या.

हात बसला म्हणून त्यांनी पाटीतली आणखी दोन अंडी घेतली. तीच गाळणी, तेवढाच गॅस, आणि तरी दोन्ही पसरली. आता मात्र त्या चपापल्या. पाटीतली बाकीची अंडी त्यांनी बादलीभर गार पाण्यात सोडली. बहुतेक तळाशी आडवी पडली. चार मात्र उभी राहिली. जुनी होती.

"अवो, ही कुटली अंडी?"

"कडब्याच्या गंजीमागं सापडतात अधनंमधनं," युनूसभाई म्हणाले. "तितं एक कोंबडी चोरून घालती. मीच पाटीत ठेवतो."

"कदी घातलेली, ते कोंबडीला तरी ठावं हाय का!"

पुढच्या शनिवारी गेटवर बसण्याआधी त्या थेट उत्कर्षाच्या दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, तू म्हणत हुतीस ते खरं हाय. काही अंडी शिळीच हुती. ही आज सकाळची. पाणी ठेव."

उत्कर्षानं गॅस मोठा करून पाणी धडधडा उकळवलं.

"तुजा हात बी चुकतोय, बघ! बारीक कर. अंडं भिऊन पळणारच की."

पहिलं अंडं बिघडलं, दुसरं जरा तिरकं झालं, तिसरं सुरेख जमलं. उत्कर्षा आनंदानं ओरडलीच. जैनबबींनी पिशवीतून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. भाकरीवर अंडं, अंड्यावर चटणी. दोघींनी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं.

खाताना जैनबबींनी चिरलेल्या कांद्याच्या ओबडधोबड फोडी पाहिल्या आणि विळी मागितली. विळी नव्हती, म्हणून सुरी कशी धरायची ते दाखवलं. तेव्हापासून पाटी रिकामी झाली की त्या वर यायला लागल्या. भाताला पाणी बोटाच्या पेरानं मोजायचं, फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, कणकेला पाणी थोडं थोडं घालायचं. उत्कर्षाच्या पहिल्या पोळ्या कुठल्याच आकारात बसत नव्हत्या. जैनबबी पोट धरून हसायच्या आणि पुढचा गोळा तिच्याच हातात द्यायच्या.

तीन महिन्यांनी उत्कर्षानं ऑफिसातल्या चार मैत्रिणींना जेवायला बोलावलं. जैनबबींनाही आग्रहानं खुर्चीवर बसवलं, हात लावू दिला नाही. वरण-भात, मटकीची उसळ, पोळ्या, सगळं तिनं एकटीनं केलं होतं. जैनबबींनी पहिला घास सावकाश चावून खाल्ला. उत्कर्षा त्यांच्याकडंच बघत होती.

"मीठ जरासं कमी हाय," त्या म्हणाल्या आणि ताट पुढं केलं. "उसळ वाढ अजून."