बोंबलाची हाक

माझी देवकी आत्या धाकटी डहाणू गावात आमच्याच घरात राहते. तिचा आवाज काय सांगू तुम्हाला! डहाणूच्या बाजारात तिने एकदा हाक दिली की बाकीच्या मासळीवाल्या गप्प बसायच्या. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये तो आवाजच गेला. बाजाराला चल म्हटलं की आत्या गळ्याकडे बोट दाखवायची आणि तोंड फिरवायची. मला असा राग यायचा! तिचा नाही, त्या मेल्या गाठीचा.

पण मी कल्पिता, तिची भाची, कॉम्प्युटर शिकलेली आणि हट्टी. ऑपरेशनआधी मी तिच्याकडून एकेका मासळीची हाक फोनमध्ये भरून घेतली होती. त्या सगळ्या हाका इंग्रजी अक्षरांत नावं देऊन जुन्या लॅपटॉपवर तिच्या नावाच्या फोल्डरात टाकल्या आणि एक प्रोग्राम लिहिला. एका बटणाला एक मासळी, बटणांवर माशांची चित्रं. आत्याने सुरमई दाबली आणि लॅपटॉपमधून तिचाच आवाज खणखणला! पापलेट, कोळंबी, मांदेली, सगळी बोलली. आनंदाने तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका.

मग तिने बोंबील दाबला. लॅपटॉप ढिम्म. निवटी? ढिम्म. रावसही नाही. झालं! अहो, आमचं घर चालतं बोंबलावर. आत्याने हात झटकले आणि खुणेने साफ सांगितलं, बोंबील बोलत नसेल तर मी बाजारातल्या ओट्यावर बसणार नाही.

माझं डोकंच फिरलं. एकेक फाइल उघडून ऐकली, सगळ्या शाबूत. स्पीकरला शिव्या घालून झाल्या. शेवटी वैतागून प्रोग्रामकडून वदवून घेतलं, बाबा, तू नेमकी कुठली फाइल शोधतोयस ते स्क्रीनवर दाखव. आणि बघते तर काय, निवटीचा पहिला एन गायब, उरलेलं नाव खालच्या ओळीत! बोंबलाचा बी तर गेलाच होता, वर फोल्डरमधल्या देवकी नावाचं शेवटचं अक्षरही त्याने खाल्लं होतं.

मी ताडकन उठले. फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव यांच्यामध्ये जी तिरकी रेघ असते, तिचाच हा सगळा गोंधळ. त्या रेघेमागून एन आला की प्रोग्रामला तो नवी ओळ सुरू करायचा हुकूम वाटतो. बी आला की मागचं अक्षर पूस, आर आला की ओळीच्या सुरुवातीला जा. सुरमईच्या एसला असला काही हुकूमच नाही, म्हणून ती बिनधास्त बोलत होती. हे मला वर्गात शिकवलं होतं, आणि तरी विसरले, गाढव कुठली! सगळीकडे एका रेघेच्या दोन केल्या. दोन दिसल्या की प्रोग्राम मुकाट्याने साधी रेघ समजतो.

"आत्या, दाब गो आता," मी म्हटलं. तिने दाबलं, आणि अख्खं घर दणाणलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लॅपटॉपवर, आत्याने पहिलं बटण तेच दाबलं. "बोंबील घे गो बाय, आताच बोटीतून उतरलाय!" शेजारच्या ओट्यावरची जमना रोज तिच्याशी भांडणारी. तिने कोयता खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. बायका चारी बाजूंनी धावल्या. बघता बघता टोपली रिकामी!

सगळा बोंबील संपला म्हणून मी लॅपटॉप मिटायला गेले, तर आत्याने माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा तेच बटण दाबलं.