काशीहून मंद्रूपमार्गे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे चहा सांडणार नाही. पण एक गोष्ट आधी ऐका. मी सायकलवर काशीला जाऊन आलोय. एकटा. अर्धं सोलापूर आजही हे मानत नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

तेव्हा मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. निघताना आमचे दादामामा, कोर्टातले हेडक्लार्क, सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळ्या, तुळजापूरच्या घाटातच तुझा दम निघेल. आठ दिवसांत घरी दिसशील."

मी पायडल मारलं.

साडेतीन महिन्यांनी परतताना हैदराबादहून घरी कार्ड टाकलं: अमुक दिवशी दुपारी बाराला हैदराबाद रस्त्याच्या नाक्यावर पोचतो, मामांना हार घेऊन यायला सांगा.

आता शेवटचा दिवस. नळदुर्गहून पहाटे निघालो. उरले होते तीसेक मैल. निजामाची हद्द संपली आणि पुढं रस्त्याला दोन फाटे फुटले. तिथं एक गाडीवान बैल सोडून भाकरी खात बसला होता. विचारायला काय जात होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यानं काशीची वाट शोधली, त्यानं स्वतःच्या गावाची वाट विचारायची?

डावीकडं लांब धुराचा लोट दिसला. म्हटलं, ही आपल्या गिरणीची चिमणी. वळलो.

चिमणी कसली, उसाचं गुऱ्हाळ होतं. लोकांनी रस दिला, प्यालो. पुढं आणखी एक धूर. तेही गुऱ्हाळच. तिथंही रस. तिसऱ्या गुऱ्हाळाशी बारा वाजून गेले.

मग नदी आडवी आली. नळदुर्गाकडून सोलापूरला येताना सीना लागत नाही, हे फळ्यावर नकाशा काढून पोरांना कोण सांगायचं? मीच. तरी सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो. मनाशी म्हटलं, नदीनं पात्र बदललं असेल.

पलीकडं काही वेळानं मोठा बाजार लागला. वाटलं, आलं सोलापूर. छाती काढून शिरलो आणि हार घेऊन आलेली माणसं शोधू लागलो. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा हरभऱ्याचे डहाळे विकत होता.

"कुटनं आलासा, पावनं?"

"काशीहून."

"लई लांबनं की. आन आता कुटं जायचं?"

"आता कुठं? पोचलो की सोलापुरात."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोलापूर तिकडं मागं ऱ्हायलं. ह्ये मंद्रूप हाय." मग म्हणाला, "काशी घावली, आन सोलापूर न्हाय घावलं व्हय?"

बिचाऱ्यानं डहाळ्यांची जुडी कॅरिअरला बांधून दिली. "घरला मोकळ्या हातानं जाऊ नगा."

अशा रीतीनं काशीचा यात्रेकरू संध्याकाळी विजापूरच्या रस्त्यानं गावात शिरला. मामा, हेडमास्तर आणि शाळेची पोरं दुपारभर दुसऱ्या टोकाला उन्हात उभी राहून परतली होती. मामा आणि हेडमास्तर आमच्या ओट्यावर बसले होते, मामांच्या मांडीवर सुकलेला हार. मामांनी डहाळ्याचा एक घाटा तोडून सोलला.

"ताजा आहे. काशीचा का?"

"मंद्रूपचा," मी बोलून गेलो.

"तरीच. साडेतीन महिने तिथं होतास होय?"

"मामा, मी काशीहून येतोय."

"काशी उत्तरेला. तू आलास दक्षिणेकडनं. ड्रॉइंग मास्तर ना तू? काढ नकाशा."

"आणि हैदराबादचं कार्ड?"

"रेल्वेनं जाणारा कुणीही टाकेल."

मी गंगेचा गडू पुढं ठेवला. त्यांनी कानाशी धरून हलवला. "पाणी आहे खरं. मंद्रूपला विहिरी आहेत."

'वाट चुकलो' एवढं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण तसं म्हणेन तो मी कसला? ताठ मानेनं सांगितलं, "मी मुद्दाम वळसा घेतला."

"डहाळ्यांसाठी?" मामा म्हणाले. हेडमास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. झालं, माझी काशी बुडाली.

माझं डोकं तापलं. तिथल्या तिथं सायकल फिरवली. "उद्या पहाटे पुन्हा निघतो. परत काशी!"

आमची ही पुढं आली. शांतपणे कॅरिअरची जुडी सोडत म्हणाली, "खुशाल जा. तुम्ही काशीला जाऊन आलात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण या खेपेला कुणाला तरी बरोबर न्या."

"साक्षीला?"

"नाही हो. वाट विचारायला."